तीन टक आणि सुटलेली होडी: स्प्लाइस शिकण्याचं एक प्रकरण

या प्रकरणातल्या माणसांची नावं काढून टाकली आहेत. गाव पेडणे तालुक्यातलं, तेरेखोल नदीच्या मुखापासून थोडं आत, एवढं पुरे. होडीचा मालक तो मामा, दोर गुंफायला शिकला तो भाचा, आणि शिकवणारा मी. आयुष्य जहाजावर काढून, शेवटची काही वर्षं सारंग म्हणून, घरी परतलेला. चूक कुणाची हे शेवटपर्यंत झाकून ठेवण्यात अर्थ नाही. निम्म्याहून अधिक माझी.

पार्श्वभूमी

मामाची होडी फायबरची, साडेसात मीटर लांब, मागे आउटबोर्ड इंजिन. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत होडी माडांखाली ताडपत्री पांघरून पडलेली असते आणि माणसं जाळी तुणत, दोर तपासत घरी बसतात. भाचा हॉटेलात रिसेप्शनवर होता. पावसाळ्यात गिऱ्हाईक आटलं आणि त्याला घरी बसवलं, तो मामाकडे आला. वय चोवीस. हात मऊ, पण डोकं शांत.

मामाला होडी बांधायच्या दोराला कायमचा फास हवा होता, आत लोखंडी थिंबल घातलेला. आदल्या वर्षी गाठ मारलेला दोर शॅकलवर, म्हणजे पिनने बंद होणाऱ्या लोखंडी कडीवर, घासून अर्धा कुरतडला होता. थिंबल म्हणजे पन्हळीसारखं वाकवलेलं कडं. दोर त्याच्या खाचेत बसतो आणि शॅकलची घासणूक दोराऐवजी लोखंड खातं. पण थिंबल गाठीत नीट धरत नाही. त्याला स्प्लाइसच लागते, म्हणजे दोराचे पेड त्याच्याच अंगात विणून केलेला फास.

दोर म्हापशाहून आणला. आपल्याकडे दोर मीटरवर नाही, किलोवर विकतात, आणि प्लास्टिकच्या धाग्याचं पॉलिप्रोपिलिन, म्हणजे पीपी, तिथेच बाजी मारतं. चौदा मिलिमीटरचा शंभर मीटर पीपी सुमारे 9 किलो भरतो, तेवढाच नायलॉन 12 किलोच्या वर. किलोचा भाव सारखा धरला तरी पीपी स्वस्त पडतो. शिवाय तो पाण्यावर तरंगतो, म्हणून अंधारात हाताला लागतो. तरंगतो म्हणूनच इंजिनाच्या पंख्यातही येतो, पण ते दुकानात कोण सांगणार. नवा असताना या जाडीचा दोर सुमारे पावणेतीन टनांवर तुटतो. मामाच्या होडीला ते भरपूर.

पडवीतला धडा

भाचा मोबाईलवर व्हिडिओ बघून आला होता. तीन ठिकाणी तीन माणसं तीन तऱ्हांनी दाखवतात, म्हणाला. मी माझ्याकडचा मनिला दोराचा जुना तुकडा काढला. अबाका नावाच्या केळीच्या जातभाईच्या धाग्याचा हा दोर खरखरीत असतो. हाताला पकड देतो, पेड उलगडले तरी आकार धरून राहतात. शिकायला सोपा म्हणून तोच घेतला. पुढच्या सगळ्याची सुरुवात इथे झाली.

स्प्लाइस म्हणजे गाठ नव्हे. दोराच्या शेवटाचे तीन पेड उलगडायचे, दोर वळवून फास करायचा, आणि ते पेड त्याच दोराच्या अंगात पिळाच्या उलट दिशेने एकावरून, एकाखालून असे विणत जायचं. तिन्ही पेड एकेकदा घालून झाले की एक टक. गाठीत दोर स्वतःवरच करकचून वाकतो आणि त्या वळणावर दुबळा होतो. गाठीप्रमाणे 30 ते 50 टक्के ताकद जाते. नीट बसलेल्या स्प्लाइसमध्ये 5 ते 10 टक्के.

विणण्याची ओळ ऐकायला सोपी आहे. अडतं ते पहिल्या टकात, आणि त्यातही तिसऱ्या पेडाला. मधला पेड आधी घालायचा, उभ्या दोराच्या कोणत्याही एका पेडाखालून. मग डावीकडचा: पहिला ज्याच्या खाली गेला त्याच्यावरून, आणि त्याच्या डावीकडच्या पेडाखालून. इथपर्यंत भाच्याला जमलं. मग दोर पालथा करायचा, आणि उरलेला पेड उरलेल्या पेडाखालून घालायचा, पण दिशा तीच, उजवीकडून डावीकडे. दोर पालथा केला की शिकाऊ माणसाला वाटतं दिशाही पालथी झाली. तो डावीकडून घालतो. पेड खाली जातो खरा, पण पिळाच्या बाजूने, आणि ताण आला की बाकीच्यांना न आवळता सरळ निसटतो.

भाच्याने हे चार वेळा केलं. चारही वेळा मी त्याच्या हातातून दोर घेतला, झटक्यात बरोबर करून परत दिला आणि म्हटलं, "हे असं." पाचव्या वेळी तो वैतागला. "काका, तुमचे हात मला दिसत नाहीत, नुसतं झालेलं दिसतं." बरोबर बोलला. मी ऐकलं, पण सोडून दिलं.

चूक शेवटी त्याने स्वतःच पकडली. पेडांच्या टोकांना घरात सापडलेली इलेक्ट्रिशियनची टेप गुंडाळली: लाल, पिवळी, हिरवी. मग दोर उभा धरून बघितलं. बरोबर झालेल्या पहिल्या टकात तिन्ही रंग एकाच उंचीवर, तीन वेगवेगळ्या फटींतून बाहेर आलेले दिसतात. कुठल्या फटीतून दोन रंग आले, किंवा एखादी फट रिकामी राहिली, तर टक चुकला. हा पडताळा मी त्याला सांगितला नव्हता. मला तो कधी लागलाच नव्हता, माझी बोटं आपोआप मोजतात.

हत्यारावरून एक धडा वेगळाच मिळाला. पेड उचलून धरायला माझ्याकडे लाकडी टोकदार खुंटी आहे, जहाजावरून आणलेली. घरी सरावाला त्याने स्क्रूड्रायव्हर वापरला. दुसऱ्या दिवशी तो तुकडा घेऊन आला तेव्हा पेडांना जागोजागी मिशा फुटलेल्या. पात्याच्या कडांनी धागे तोडले होते. मग त्याने फणसाच्या लाकडाची एक खुंटी तासून, काचेने घासून गुळगुळीत केली. ती माझ्यापेक्षा बरी झाली.

चार दिवसांत त्याची मनिलावरची स्प्लाइस सुबक व्हायला लागली. तीन टक, शेवटी टोकं कापून टाकलेली. किती टक घालायचे असं त्याने विचारलं होतं. मी म्हटलं, "तीन." विचार न करता. माझ्या पहिल्या सारंगाने मला तीन सांगितले होते म्हणून तीन.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भाच्याने नव्या पीपी दोरावर, थिंबल घालून, खरी स्प्लाइस केली. पीपीचं अंग काचेसारखं. पेड उलगडला की धागे पिंजारतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, हा दोर न जळताच पीळ सोडतो. तरी त्याने नेटाने तीन टक घातले, टोकं अंगासरशी कापली आणि लायटरने वितळवून बोंडं केली. गुळगुळीत, देखणी. मी हात फिरवून पाहिली आणि शाबासकी दिली. ती शाबासकी आजही खुपते.

काय झालं

ऑगस्ट लागला, होडी पाण्यात गेली. खाडीत चिऱ्याच्या बांधाला एक जुनी लोखंडी साखळी आहे, तिच्यात शॅकल, शॅकलमध्ये थिंबल. पाच रात्री काही झालं नाही. सहाव्या रात्री वरच्या भागात पाऊस झाला. ओहोटीचं पाणी आणि पुराचं पाणी एकाच दिशेने निघालं. पहाटे मामा बांधावर गेला तर होडी नाही.

सापडली अर्ध्या किलोमीटरवर, कांदळवनात मुळांमध्ये तिरकी घुसलेली. इंजिनाच्या पंख्याचं एक पातं वाकलं, एका जाळ्याची वाट लागली, माणूस कुणी होडीत नव्हतं. मुखापर्यंत गेली असती तर होडीच गेली असती.

आता या प्रकरणातला सगळ्यात वाईट तास. मामाचं शेजारच्या होडीवाल्याशी बांधावरच्या जागेवरून दोन वर्षं वाकडं होतं. मामा बांधावर उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, "दोर आपोआप सुटत नाही. कोणीतरी सोडलाय." नाव घेतलं नाही, पण नजर कुठे होती ते सगळ्यांनी पाहिलं. शेजारी काही न बोलता आपल्या घरी गेला.

मी पोचलो तेव्हा सात वाजले होते. आधी शॅकल बघितलं. पिन घट्ट, तिला बांधलेली तारही जागच्या जागी. थिंबल शॅकलमध्ये तसंच लटकत होतं, रिकामं. शॅकल कुणी उघडलं असतं तर थिंबल दोराबरोबर गेलं असतं. मग कांदळात जाऊन होडीकडचं टोक हातात घेतलं. दोर कापला असता तर तिन्ही पेड एका रेषेत संपले असते. तुटला असता तर धागे लांडेबुंडे, पिंजलेले दिसले असते. इथे तिन्ही पेड अख्खे होते, वीतभर लांब, नागमोडी, आणि प्रत्येकाच्या टोकाला भाच्याने लायटरने केलेलं काळपट बोंड जसंच्या तसं. दोर कापला नव्हता, तुटला नव्हता, कुणी सोडलाही नव्हता. स्प्लाइस एकेक टक करत उसवली होती.

मी ते टोक मामाच्या हातात दिलं आणि म्हटलं, "कुणी सोडली नाही. मी तीन टक सांगितले, पाच सांगायला हवे होते." मामा त्या बोंडांकडे बघत राहिला. भाचा माझ्याकडे. लोक हळूहळू पांगले. शेजारी तिथे नव्हता, आणि तेच नडलं. आरोप ऐकायला तो होता, उलगडा ऐकायला नव्हता.

का उसवली

त्या संध्याकाळी आम्ही दोघं पडवीत बसलो आणि कारणं एकेक करून काढली.

पहिलं, धाग्याचं. तीन टकांचा नियम मनिला, काथ्या, ताग यांच्या काळातला आहे. त्यांचे केसाळ धागे एकमेकांत रुततात, पकड धाग्याची असते. नायलॉन 1935 साली प्रयोगशाळेत तयार झालं, दोरासाठी वापरतात ते पॉलिप्रोपिलिन 1954 नंतरचं. या गुळगुळीत धाग्यांना रुतणं माहीत नाही. त्यांना पकड मिळते ती फक्त आवळण्यातून, म्हणून निदान पाच टक, आणि त्यापुढे पेड बारीक करत नेलेली निमुळती शेपटी. जहाज धक्क्याला बांधायच्या, म्हणजे मूरिंगच्या, सिंथेटिक दोरांना आम्ही पाचच घालायचो. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण हातात मनिला होता आणि तोंडातून मनिलाचा आकडा गेला.

दुसरं, ताणाचं. स्प्लाइस सतत ताणात असेल तर पेड आवळलेले राहतात. खाडीत तसं होत नाही. इथे भरती-ओहोटीचा फरक दोन मीटरच्या आसपास. दिवसात चार वेळा पाणी थबकतं, दोर ढिला पडतो, होडी फिरते, मग उलट बाजूने हिसका बसतो. प्रत्येक ढिलाईत पेड जरा फुगतात, प्रत्येक हिसक्यात केसभर सरकतात. पाच रात्री स्प्लाइस सरकतच असणार. सहाव्या रात्री फक्त शेवट आला.

तिसरं, टोकांचं. ती अंगासरशी कापली होती. सिंथेटिक दोरात दोराच्या जाडीच्या दीड-दोनपट टोक बाहेर ठेवायचं असतं, कारण पहिल्या ताणात स्प्लाइस बसताना थोडं टोक आत ओढलं जातंच. देखणेपणासाठी आम्ही तेवढंही शिल्लक ठेवलं नव्हतं.

आणि चौथं, जे भाच्याने स्वतः कबूल केलं: पीपी कडक असल्याने पहिला टक त्याला घट्ट बसवता आला नव्हता. थिंबलच्या गळ्याशी करंगळी जाईल एवढी फट होती. थिंबल आत खुळखुळत होतं. त्याने मला सांगितलं नाही, आणि मीही बघताना हात वरून फिरवला, फटीत बोट घातलं नाही.

कोणते पर्याय होते

होडी दुपारी परत आणली. रात्री ती बांधायची कशी, हा प्रश्न ताबडतोबचा होता.

मामाला लोखंडी क्लॅम्प लावायचे होते, यू आकाराचे, नटबोल्टवाले. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, दहा मिनिटांचं काम. पण ते तारेच्या दोरासाठी असतात. धाग्याच्या दोरावर आवळले तर आतले धागे चिरडतात, आणि दोर ताणात बारीक झाला की क्लॅम्प ढिले पडतात. वरून भक्कम दिसतं, हीच त्यातली मेख. मी नको म्हटलं. तेव्हा माझ्या नको म्हणण्याला किती वजन उरलं होतं ते वेगळं सांगायला नको, पण मामाने ऐकलं.

दुसरा पर्याय मालीमच्या धक्क्यावर जाऊन एखाद्या ट्रॉलरच्या खलाशाकडून पैसे देऊन स्प्लाइस करून घेण्याचा. वाईट नव्हता. पण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात ट्रॉलरवर कुणाला मान वर करायला फुरसत नसते. शिवाय पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

तिसरा, गाठ मारून गप्प बसायचं. बोलाइन मारली की फास सुटत नाही आणि आवळतही नाही, म्हणून ती खलाशांची लाडकी. पण ढिल्या पडणाऱ्या पीपीमध्ये तीही हलून हलून सैल होते, आणि घासणुकीचा मूळ प्रश्न तसाच राहतो.

चौथा, भाच्याने पुन्हा शिकून पुन्हा करायचं. मामा म्हणाला, "पुन्हा ह्याच्याच हातचं?" भाचा काही बोलला नाही. मला वाटतं या प्रकरणातला खरा फाटा इथे होता. त्या क्षणी त्याच्या हातातून काम काढून घेतलं असतं तर त्याने पुन्हा खुंटीला हात लावला नसता, आणि चूक दोराची होती की मुलाची हे कधी वेगळं झालं नसतं.

ठरलं असं. आठवडाभर होडी दोन वेगवेगळ्या दोरांनी, दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधायची. दोन्हीला बोलाइन, शेपूट हातभर लांब ठेवून ते सुतळीने मुख्य दोराला बांधलेलं. रोज संध्याकाळी गाठी बघायच्या. त्या आठवड्यात भाचा पीपीवरच सराव करेल, मनिलाला शिवायचं नाही. आणि नवी स्प्लाइस पाण्यात जायच्या आधी जमिनीवर ओढून बघायची.

काय केलं

या वेळी मी दोर हातात घेतला नाही. खुर्ची मागे ओढून बसलो आणि फक्त तोंडाने सांगितलं. फार जड गेलं. बोटं शिवशिवतात.

उलगडण्याच्या जागी आधी सुतळीचे आवळ वेढे, म्हणजे पीळ त्याच्या मागे सुटणार नाही. उलगडायची लांबी जाडीच्या वीसपट: चौदा मिलिमीटरला 28 सेंटिमीटर, वीतभर आणि वर चार बोटं. प्रत्येक पेडाच्या टोकाला लगेच टेप, रंगवार. थिंबल दोरात बसवून गळ्याशी सुतळीने बांधून टाकायचं, म्हणजे पहिला टक घालताना ते नाचत नाही. पहिला टक घालून झाला की तिन्ही पेड एकेक करून थिंबलच्या दिशेने खेचायचे, फट मिटेपर्यंत. मग रंग मोजायचे. तीन फटी, तीन रंग, एक उंची. ते जुळल्याशिवाय दुसरा टक नाही.

पाच टक झाले की प्रत्येक पेडातले तिसरा हिस्सा धागे कापायचे आणि एक टक. उरलेल्यातले निम्मे कापायचे आणि आणखी एक. म्हणजे स्प्लाइस दोराच्या जाडीत हळूहळू मिसळते, एकदम संपत नाही. टोकं दोन सेंटिमीटर बाहेर, मग वितळवणं. इथे एक सांगायलाच हवं: वितळलेलं पीपी कातडीला चिकटतं आणि पुसून निघत नाही, चामडी घेऊन निघतं. बोंड बोटाने दाबायचं नाही, चमच्याच्या पाठीने दाबायचं.

पहिली नीट स्प्लाइस व्हायला सव्वा तास लागला. बोटांच्या पेरांना फोड आले. मामी दोनदा चहा ठेवून गेली आणि दोन्ही वेळा तो थंड झाला.

मग ओढून बघणं. दोन माडांमध्ये दोर, एका बाजूला होडी वर काढताना वापरतात तो चेन-ब्लॉक. माडाच्या अंगाला गोणपाट. ताणलेल्या दोरावर मध्ये दोन ओली गोणपाटं टाकली, आणि पोरांना लांब हाकललं. ताणाखाली सुटलेला दोर चाबकासारखा येतो. नायलॉन तर जास्तच, कारण तो जास्त ताणतो. दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, हे जहाजावर पहिल्या दिवशी शिकवतात आणि किनाऱ्यावर कुणी शिकवत नाही.

भाच्याने एक चांगली गोष्ट सुचवली. आधी मुद्दाम जुनीच, तीन टकांची, टोकं अंगासरशी कापलेली स्प्लाइस करून ओढू. पेड जिथे बाहेर येतात तिथे मार्करने काळी रेघ मारली. ताण द्यायचा, पूर्ण सोडायचा, दोर हाताने हलवायचा, पुन्हा ताण. वीसेक वेळा झालं तेव्हा रेघा बोटभर आत गेल्या होत्या. पस्तिसाव्याला एक बोंड फटीत शिरताना डोळ्यांनी दिसलं. बेचाळिसाव्याला थिंबल टणकन माडाच्या मुळाशी पडलं. मामा मागे उभा होता. काही बोलला नाही, पण पुढच्या खेपेला चेन ओढायला स्वतः आला.

मग पाच टकांची, पण पहिला टक मुद्दाम ढिला ठेवलेली. रेघ चार-पाच मिलिमीटर सरकली आणि थांबली. मग नवी नीट केलेली. साठ वेळा ओढली. रेघ जिथल्या तिथे.

निकाल

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी नवा दोर लागला. पेडांवरची काळी रेघ मुद्दाम ठेवली. भाचा रोज संध्याकाळी बांधावर जाऊन ती बघायचा. पहिल्या दोन दिवसांत केसभर सरकली, म्हणजे स्प्लाइस बसली, मग हलली नाही. दुसरा दोरही कायम राहिला. मामाने तो काढायचं नाव घेतलं नाही.

सप्टेंबरअखेरपर्यंत भाचा अशी स्प्लाइस पंचवीस मिनिटांत करायला लागला. गावातल्या दोन होडीवाल्यांनी त्याच्याकडून करून घेतली. ऑक्टोबरात हॉटेलवाल्यांनी परत बोलावलं, तो गेला. सुट्टीच्या दिवशी येतो.

दोर मात्र वर्षाने बदलावा लागला. पीपीला ऊन सोसत नाही. मे महिन्यात दोर पिळून बघितला तर तळव्यावर पांढरा भुगा राहिला. स्प्लाइस धडधाकट होती आणि दोर म्हातारा झाला होता. या खेपेला मामाने न बोलता नायलॉन आणला. तो पाण्यात बुडतो, भिजला की थोडी ताकद गमावतो, पण हिसका ताणून झेलतो, आणि बांधायच्या दोराला तेच हवं.

पुन्हा करायचं तर

ज्या दोरावर काम करायचं त्याच दोरावर शिकवेन. सोपा दोर देऊन आधी आत्मविश्वास, मग खरा दोर, हे कागदावर शहाणपणाचं दिसतं, पण मुलगा सोप्या दोराचे आकडे घेऊन जातो. मनिला फारतर पहिल्या टकाची दिशा समजेपर्यंत, एक दुपार.

भाच्याने "किती टक" विचारलं तेव्हा मी उलट विचारायला हवं होतं, "दोर कशाचा?" त्या एका प्रश्नात सगळं आलं असतं. आणि "तुमचे हात दिसत नाहीत" म्हणाला तेव्हाच खुर्ची मागे घ्यायला हवी होती. त्याने थिंबलच्या फटीबद्दल सांगितलं नाही, कारण मी झटक्यात "हे असं" करून दाखवणारा माणूस होतो. अशा माणसाला कोण सांगतं?

खरी स्प्लाइस पहिल्यांदा पाण्यात गेली तेव्हा दुसरा दोर हवाच होता. शिकाऊ हात असो की सारंगाचा, नव्या कामावर पहिला आठवडा एकट्याने विसंबायचं नाही. हे मला माहीत होतं आणि शाबासकी देण्याच्या नादात राहून गेलं. मार्करची रेघ पहिल्या दिवशी मारली असती तर दुसऱ्याच संध्याकाळी सरकलेली दिसली असती. रेघेला पैसा पडत नाही.

आणि बांधावरचं बोलणं. दोराचं टोक बघायला पाच मिनिटं लागतात. मामाने ती पाच मिनिटं थांबायला हवं होतं, आणि मी उलगडा केला तो शेजाऱ्याला बोलावून, त्याच्यासमोर करायला हवा होता. मामा अजून त्याच्याकडे गेलेला नाही. मध्ये एकदा भाचा गेला, नव्या नायलॉनचा वार-दोन वार तुकडा आणि फणसाची खुंटी घेऊन. तुमच्या दोराला करून देतो म्हणाला, पाच टकांची. शेजाऱ्याने त्याला पडवीत बसवलं, दोर आणून समोर टाकला आणि म्हणाला, "पाच कशाला मेल्या, सहा घाल."